पाण्याखाली जाणारी बाग हवी

सांगलीत मोठ्या बागेचा विषय निघाला की बोलणारा लगेच परगावाचं नाव घेतो. कुणी बंगळुरूच्या लालबागेचं, कुणी मुंबईच्या राणीच्या बागेचं, पुण्यात चार वर्षं काढून आलेला असेल तर सारसबागेचं. मग "आपल्याकडं एवढी जागा कुठाय?" हे वाक्य येतं आणि विषय तिथंच मिटतो. मला हे वाक्य मान्य नाही. जागा आहे. शहराला लागून आहे आणि तिच्यावर घरं-दुकानं बांधायला सरकारचीच मनाई आहे. कृष्णेच्या निळ्या पूररेषेच्या आत जी जमीन अजून मोकळी उरली आहे, ती सांगलीची मोठी बाग व्हायला हवी. अधूनमधून ती आख्खी पाण्याखाली जाणार, हे धरूनच ती करायला हवी.

यावर हसणारे भेटतात. "पुरात बाग? म्हणजे दर वर्षी नवं टेंडर!" टोमणा अगदीच बिनबुडाचा नाही. त्याच्याकडे येतोच, पण आधी आपल्याकडे काय आहे ते बघू.

आमराई आहे. पटवर्धन संस्थानच्या काळातली, भर शहरातली. मे महिन्यात टळटळीत दुपारी रस्त्यावरून तिच्या फाटकातून आत शिरा. बाहेर डोकं तापवणारं ऊन आत कवडशांपुरतं उरतं. सकाळी फिरायला येणारे असतात, बाकावर पेपर वाचणारे पेन्शनर असतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली पोरं असतात आणि चैत्र लागला की कैऱ्यांवर डोळा ठेवून हिंडणारी त्याहून लहान पोरंही असतात. या बागेत बघण्यासारखं काय आहे, असं पाहुण्यानं विचारलं तर सांगलीकर जरा अडखळतो. सावली आहे, एवढंच सांगता येतं. ती कुणी ठेकेदारानं बसवलेली नाही. झाडं लावली आणि पुढच्या चार पिढ्यांनी ती तोडली नाहीत, एवढाच तिचा इतिहास. पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण द्यायची तरतूद राज्याच्या कायद्यात २०२१ साली आली. आमराईनं ते त्याआधीच कायद्याशिवाय करून दाखवलं होतं.

दुसरं प्रतापसिंह उद्यान. तिथं एके काळी प्राणिसंग्रहालय होतं, सिंह होते. सिंह बघायचा तर प्रतापसिंह उद्यानात, असं समजत सांगलीची एक पिढी वाढली. पुढं पिंजरे रिकामे झाले आणि बागेची रयाच गेली, कारण लोक बागेत येत नव्हते, सिंहाला भेटायला येत होते. आकर्षणावर उभी केलेली बाग आकर्षणाबरोबरच झोपते. मुंबईतही वेगळं नाही. राणीची बाग १८६२ साली लोकांना खुली झाली ती मुळात झाडाझुडपांची बाग म्हणून. पन्नास एकरांवर पसरलेली. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आणलेली झाडं तिथं आहेत, गोरखचिंचेचे अजस्र बुंधे आहेत. पण २०१६ साली पेंग्विन आले आणि तेव्हापासून बाग म्हणजे पेंग्विन. पाठोपाठ तिकीटही वाढलं. पेंग्विनशी माझं वैर नाही. पण काचेमागच्या थंड खोलीत ठेवलेल्या पक्ष्याला बघायला दोन तास रांगेत उभं राहिलेलं कुटुंब दीडशे वर्षांच्या झाडाखालून न बघता निघून जातं, हे मात्र खटकतं.

आणि तिसरा प्रकार म्हणजे गल्लोगल्लीच्या 'ओपन स्पेस'मधल्या बागा. त्यांचं वर्णन करायला फार शब्द लागत नाहीत. रंगीत पेव्हिंग ब्लॉक, सिमेंटचा खोटा बुंधा, तोंड उघडून 'मला वापरा' म्हणणारी सशाच्या आकाराची कचराकुंडी, ओपन जिमची गंजलेली सायकल, मोठ्या अक्षरांचा सेल्फी पॉइंट आणि उद्घाटनाची कोनशिला. कोनशिला तेवढी शाबूत असते. झाड मात्र शोधावं लागतं, कारण झाडाला वाढायला वीस वर्षं लागतात आणि नगरसेवकाची मुदत पाच.

आता हिशेब. शहर नियोजनाची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवतात. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाखांच्या वर होती. साधा गुणाकार केला तरी ५०० हेक्टर होतात, म्हणजे साडेबाराशे एकरांच्या आसपास. बंगळुरूची लालबाग २४० एकरांची आहे. तशा पाच लालबागा आपल्याला हव्यात. आहेत किती, हे प्रत्येकानं आपल्या प्रभागापुरतं मोजून बघावं.

गावात ही जागा मिळणार नाही, हे उघड आहे. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षणं पडतात, पण आरक्षण म्हणजे बाग नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा. त्याचं कलम १२७ असं सांगतं की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर दोन वर्षांत महापालिकेनं हालचाल केली नाही तर आरक्षण आपोआप उठतं. मालकाच्या बाजूनं बघितलं तर हे न्याय्यच आहे. कुणाची जमीन जन्मभर नकाशात अडकवून ठेवायची? पण परिणाम काय होतो? मोक्याच्या जागेचा भाव वाढत जातो, महापालिकेकडे पैसा नसतो, दहा वर्षं जातात, नोटीस येते, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, दोन वर्षं सरतात आणि बागेच्या जागेवर पार्किंगसह दोन-तीन बीएचके उभे राहतात. यात दरवेळी कुणी पैसे खाल्ले असं म्हणायची गरज नाही. नुसतं गप्प बसलं तरी काम होतं.

म्हणून नदीकडे वळायचं.

पूररेषा म्हणजे काय, यावर आपल्या गावात बराच गोंधळ आहे, तो थोडक्यात निस्तरू. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी पोचतं ती लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथं बांधकाम नाही. शेती, मैदान, बाग असले मोकळे वापर चालतात. म्हणजे माझी सूचना काही क्रांतिकारक नाही. जलसंपदा खात्याच्या कागदावर 'बाग' हा शब्द आधीपासून आहे. आपण तो वाचला नाही इतकंच.

'१०० वर्षांतून एकदा' या हिशेबावर सांगलीकर आता हसतो. आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात त्याच्यापाशी मोजलेल्या पाण्यावर गावाची झोप ठरते. "आयर्विनला किती?" हा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये दुबईतल्या मुलाच्या फोनवरसुद्धा 'कसे आहात'च्या आधी येतो. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं. म्हातारी माणसं म्हणाली, असा पूर पुन्हा बघायचा नाही. २०१९ ला ५७.५ फूट झालं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड पाण्यात. मग दोनच वर्षांत, २०२१ ला, पुन्हा ५४ च्या वर. सोळा वर्षांत तीन वेळा.

दर पुरानंतर वाद रंगतो तो कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा. उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करू द्यायची का, फुगवटा कुठवर येतो, कर्नाटकनं विसर्ग वेळेवर वाढवला का. वाद महत्त्वाचा आहे, लढायलाच हवा. पण त्याची एक सोय आहे. दोष आपल्या हद्दीबाहेर राहतो. कोयनेतून किती सोडायचं हे साताऱ्यात ठरतं, आलमट्टीचं बंगळुरूत. हरिपूरला वारणा येऊन कृष्णेला आडवी होते, नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि नदीला इथं उतार इतका कमी की पाणी तुंबतच राहतं. यातलं काहीच सांगली महापालिकेच्या हातात नाही. तिच्या हातात एकच गोष्ट आहे. निळ्या रेषेच्या आत माणसं राहायला जाणार नाहीत हे बघणं. नेमकी तीच होत नाही.

कशी होत नाही, हे बघायला कर्नाळ रोडपासून खालच्या अंगाला कुठंही उन्हाळ्यात एक चक्कर मारावी. आधी एका कोपऱ्यात मुरमाचे चार ढीग दिसतात. ते रात्री पडलेले असतात. आठवड्यानं ढीग पसरून सपाट झालेले असतात आणि बाजूच्या उसापेक्षा ती जागा हातभर उंच झालेली असते. मग पांढऱ्या फक्कीच्या रेघा, मग विजेचा एक खांब, मग पत्र्याची एक खोली. खोलीत राहणारा माणूस गरीब असतो, त्यानं आयुष्याची पुंजी त्या गुंठ्यात घातलेली असते आणि त्याच्या हातात नोटरीचा कागद असतो. गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकणं, हा शब्द महाराष्ट्राला कळला तो आपल्यासारख्या गावांमुळं. २००१ साली गुंठेवारी नियमित करायचा कायदाच करावा लागला. एकदा माणूस राहायला आला की त्याला हलवणं क्रूरपणाचं आणि राहू देणं जिवावरचं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं पावसाळ्यात स्थलांतराच्या बातमीत वाचायची आपल्याला सवय झाली आहे. ती नावं आहेत तिथं आहेत. त्यांच्यात नवी भर पडू नये एवढं तरी आपल्याला करता आलं पाहिजे.

आणि इथंच माझा मुख्य मुद्दा आहे. नुसती मनाई करून जागा मोकळी राहत नाही. नकाशावरच्या रेषेला पहारेकरी नसतो. ज्या जागेवर रोज सकाळी हजार माणसं चालतात, पोरं क्रिकेट खेळतात, बायका संध्याकाळी बसायला येतात, तिथं रात्री मुरमाचा डंपर रिकामा झाला तर सकाळी सहाला बोंब होते. ओसाड जागेत ती बोंब मारायला कुणी नसतं. आमराईच्या कडेचा तुकडा कुणी बळकवायला निघालं तर अर्धं गाव रस्त्यावर येईल, कारण ती जागा प्रत्येकाची आहे असं प्रत्येकाला वाटतं. नदीकाठाबद्दल तसं वाटायला लोकांना तिथं जायची सवय लागली पाहिजे. बागेकडून माझी सगळ्यात मोठी अपेक्षा हीच आहे. पूररेषेची राखण.

जगातल्या मोठ्या बागांचा इतिहास चाळला तर त्यातल्या पुष्कळ अशाच नको असलेल्या जागेवर झालेल्या दिसतात. आपली सारसबाग पेशव्यांच्या तळ्यावर आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, ८४३ एकरांचं, ज्या जागेवर झालं ती खडकाळ आणि दलदलीची होती. ओल्मस्टेड आणि वॉक्स या दोघा रचनाकारांचा आराखडा १८५८ साली निवडला गेला आणि आज जे निसर्गरम्य म्हणून बघतात ते सगळं खणून, भरून, लावून केलेलं आहे. आपल्या कामाची खरी गोष्ट मात्र याच ओल्मस्टेडच्या पुढच्या कामात आहे. बोस्टनमध्ये १८७८ पासून त्यानं बॅक बे फेन्स नावाचा भाग हाती घेतला. तिथली परिस्थिती ऐकून सांगलीकराला घरचं वाटेल: भरतीचं पाणी आत घुसायचं, दोन ओढे शहराची घाण घेऊन यायचे, आणि ओहोटीला सगळ्याचा घाण वास सुटायचा. त्यानं तिथं फुलांचे ताटवे केले नाहीत. पाणी चढलं तर पसरायला जागा ठेवली, सांडपाण्याची वेगळी वाट केली, पाण्यात तग धरणारं गवत लावलं आणि कडेनं लोकांना फिरायला रस्ते दिले. लोकांनी त्याला बाग म्हटलं. त्याच्या लेखी ते आधी पाण्याचं काम होतं.

ब्राझीलच्या कुरितिबा शहरानं १९७० च्या दशकात हेच केलं. जैमे लेर्नर हा वास्तुविशारद तिथं महापौर झाला होता. ओढ्यांना काँक्रीटच्या नाल्यांत कोंबण्याऐवजी काठच्या जमिनीच पार्कसाठी घेतल्या, त्यात तळी ठेवली, पूर आला की तळी फुगतात आणि ओसरला की माणसं परत फिरायला येतात. बारिगी पार्कमधलं गवत कापायला त्यांनी मेंढ्या सोडल्या. आटपाडी-जतच्या मेंढपाळांना ही कल्पना नवी वाटणार नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या नेत्यांच्या तोंडी कायम असतं: साबरमती. अहमदाबादेत दोन्ही काठांना उभ्या भिंती घालून मधे नर्मदेचं पाणी खेळवलं, दिसायला छान दिसतं. तसंच कृष्णेचं करू म्हणतात. पण मे महिन्यात गुडघाभर आणि ऑगस्टमध्ये ५७ फूट होणाऱ्या नदीला भिंतीत धरायचं म्हणजे ते पाणी कुठंतरी जास्त चढणार. अलीकडच्या काठाला भिंत घातली तर पलीकडच्या सांगलीवाडीनं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. शिवाय भिंतीवरून नदी नुसती बघायची असते. इथली माणसं नदीवर जातात ती घाटावर बसायला, पाय बुडवायला, गणपती सोडायला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण पर्यावरणाची बाजू घेणारे उत्साहाच्या भरात ती लपवतात. या बागेनं महापूर अडणार नाही. समजा ५०० हेक्टरवर सरासरी २ मीटर पाणी पसरलं. ते होतं १ कोटी घनमीटर, म्हणजे साधारण ०.३५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). कोयनेची क्षमता १०५ टीएमसीच्या वर आहे. नदी १ लाख क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला १ लाख घनफूट वाहत असेल तर ०.३५ टीएमसी म्हणजे एका तासाचं पाणी. एका तासानं सांगली वाचत नाही. तरीही बाग हवी, कारण त्या ५०० हेक्टरांवर हजारो घरं झाली तर प्रत्येक पुरात तितकी कुटुंबं बोटीतून काढावी लागतील, आणि बाग असेल तर बाकडी बुडतील. नुकसानभरपाईचे पंचनामे, छावण्या, सानुग्रह अनुदान, परत उभारणी या सगळ्याचा खर्च एकदा मांडून बघितला की बाग महाग वाटत नाही.

आता त्या टेंडरवाल्या टोमण्याकडे. पूर ओसरल्यावर काय उरतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पाणी उतरतं आणि मागं पोटरीभर गाळ. तीन दिवस तो लोण्यासारखा असतो, पाय काढताना चप्पल आत राहते. मग वरून वाळतो, भेगा पडतात, आणि त्याच्या खाली आठवडाभर ओल आणि कुबट वास. बाभळीच्या फांद्यांना डोक्याच्याही वर प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत असतात. अशा जागेवर संगीत कारंजं, टॉय ट्रेन, ग्रॅनाइटचे पाथवे आणि शोभेचे दिवे लावणार असाल तर दर वेळी टेंडर निघेल, यात शंका नाही. म्हणून ते लावायचंच नाही. मुरमाच्या पायवाटा, ओबडधोबड दगडी बैठका, हरळीची मैदानं. स्वच्छतागृहं आणि दिव्यांची वायरिंग निळ्या रेषेच्या वरच्या अंगाला. झाडं पाण्याला सरावलेली: करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, वाळुंज. नदीकाठाला ती कुणी न लावताही येतात. हरळी तर गाळाखालून आठ-पंधरा दिवसांत डोकं वर काढते. गाळ ही इथल्या शेतकऱ्याच्या लेखी घाण नव्हेच. कृष्णाकाठच्या वांग्याला जी चव आहे ती त्याच मळीच्या जमिनीची आहे, हे आपण भरीत खाताना अभिमानानं सांगतो आणि बागेचं बोलताना विसरतो. साफसफाईला पैसे लागतील, आणि ते पुरानंतर शोधत बसण्यापेक्षा दर वर्षीच्या बजेटमध्ये बाजूला ठेवावेत.

सगळ्यात अवघड प्रश्न जमिनीचा आहे. ही जमीन सरकारी नाही, बरीचशी सातबाऱ्यावरची आहे. ऊस आहे, भाजी आहे, वैरण आहे. नदीकाठच्या एका बागायतदारापुढं मी ही कल्पना मांडली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, बागेला माझी जमीन. आणि माझ्या पोरांना काय, बाकडं?" त्याचं बरोबर आहे. निळी रेषा पडल्यावर त्याच्या जमिनीचा भाव पडला, शेजारच्यानं रात्रीत भराव टाकून गुंठे विकले आणि कायदा पाळणारा हाच मागं राहिला. त्याला पुन्हा देशभक्तीचं भाषण देण्यात अर्थ नाही. हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ज्याला सगळे टीडीआर म्हणतात, जमिनीच्या बदल्यात दुसरीकडं बांधकामासाठी वापरता किंवा विकता येणारा हक्क, तो त्याला इतका मिळायला हवा की वरच्या अंगाला, विश्रामबागेकडं किंवा कुपवाड रस्त्याला, तो विकून त्याचं समाधान होईल. ज्याला विकायचंच नाही त्यानं शेती करत राहावी. बागेत शेती असायला काय हरकत आहे? वांग्याच्या वाफ्यांच्या बांधावरून चालायची वाट दिली आणि त्या वाटेचं भाडं महापालिकेनं शेतकऱ्याला दिलं, तर बागेचं सौंदर्य कमी होत नाही. शहरातल्या पोरांना वांगं झाडाला लागतं की वेलीला, हे तरी दिसेल. अट एकच: भराव टाकायचा नाही.

आणि जे आधीच तिथं राहतात त्यांचं काय? सेंट्रल पार्क करताना न्यूयॉर्कनं सेनेका व्हिलेज नावाची वस्ती १८५७ साली उठवली. बहुतेक कृष्णवर्णीयांची, स्वतःच्या मालकीची घरं असलेली, चर्च आणि शाळा असलेली वस्ती. पुढं सव्वाशे वर्षं तिची आठवणसुद्धा कुणी काढली नाही. बागेच्या नावाखाली आपल्याकडेही असंच होऊ शकतं, नव्हे, होण्याचीच शक्यता जास्त. बंगलेवाल्यांच्या फिरण्यासाठी पत्र्याच्या खोल्या हटवायच्या, असला उद्योग होणार असेल तर मी या कल्पनेच्या विरोधात उभा राहीन. आहेत त्या वस्त्यांना हात लावायचा तर आधी गावातच, कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशा अंतरावर पक्कं घर, मग हलवणं. तोवर बाग फक्त मोकळ्या जमिनीवर.

मगरींचा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेले आहेत, पोरं गेली आहेत. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिला हलवणं सोपं नाही आणि हलवली तरी पुरात दुसरी येते. तेव्हा पाण्याच्या कडेचा वाळूचा आणि गवताचा पट्टा तिचा, असं मानून माणसांच्या वाटा त्याच्या वरून न्याव्यात. फेब्रुवारी ते जूनमध्ये, अंडी आणि पिल्लांच्या दिवसांत, तर नक्कीच. पाण्यात उतरायचं ते घाटांवरच, जाळी आणि फलक लावून. सिंहासाठी पिंजरे बांधून शेवटी ते रिकामे करावे लागलेल्या गावाला नदीनं फुकटात एक जनावर दिलंय. लांबून, उंचावरून, आया पोरांना बोट करून दाखवतील.

शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याबद्दल एवढंच: त्याची घाण नदीत जाते तोवर तिथं कुणी फिरायला येणार नाही. ते पाणी धुळगावला शेतीला न्यायच्या योजनेबद्दल आपण इतकी वर्षं ऐकतोय की आता ती गोष्ट आजोबांनी नातवाला सांगावी अशी झाली आहे. पण रोज हजार नाकं त्या नाल्यावरून जायला लागली की अधिकाऱ्यांचे फोन जास्त वाजतील, अशी मला आशा आहे.

कुपवाडचे लोक म्हणतील, नदी आमच्यापासून किती लांब. बरोबर आहे. मिरजेला स्वतःचा कृष्णाघाट आहे, कुपवाडला काहीच नाही. तिथं एमआयडीसीच्या धुरात राहणाऱ्यांसाठी वेगळी, जवळची, दाट झाडांची बाग लागेल. त्याला ही बाग पर्याय नाही.

तिकीट असू नये. फाटक तर नकोच. फाटक आलं की वेळ येते, वेळ आली की कुलूप येतं, आणि कुलपाची किल्ली कुणाकडं हे गावाला ठाऊक नसतं. उद्यानं आणि मैदानं ही नगरपालिकांची कामं म्हणून घटनेच्या बाराव्या अनुसूचीत लिहिलेली आहेत. पाणीपट्टी-घरपट्टी भरणाऱ्यानं त्यासाठी परत पावती फाडायची कारण नाही.

सुरुवात कुठून करायची? आयर्विन पुलापासून खाली हरिपूरच्या संगमापर्यंतचा काठ मला सगळ्यात योग्य वाटतो. तीन-चार किलोमीटरचा पट्टा. एका टोकाला घाट, दुसऱ्या टोकाला संगमेश्वराचं देऊळ, वाटेत शेती. हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, असलेलं हरिपूर गाव आहेच. २००५ च्या पुरानं त्या पेवांची दैना केली, जी उरली आहेत ती दाखवावीत. हरिपूरला स्वतःची ग्रामपंचायत आहे, त्यामुळं महापालिकेला तिच्याशी बसून बोलावं लागेल, आणि हे बोलणं भूमिपूजनाच्या आधी व्हावं.

पहिल्या वर्षी कमान नको, पुतळा नको, आर्किटेक्टची थ्रीडी चित्रफीत तर मुळीच नको. निळी रेषा जमिनीवर मोजून घ्यायची, तिच्यावर दर पाच-सहा मीटरला करंज आणि जांभळाची एक ओळ लावायची आणि ओळीच्या नदीकडच्या अंगाला मुरमाची एक वाट सोडायची. नकाशातली रेषा कचेरीत जाऊन बघावी लागते, झाडांची ओळ वाटेवरून जाणाऱ्यालाही दिसते, आणि तिच्या पलीकडं डंपर दिसला की कुठं फोन करायचा हे त्याला कळतं. रोपं वन विभागाच्या रोपवाटिकेत मिळतात. खड्डे मात्र पावसाआधी, मे महिन्यातच काढून ठेवावे लागतात.